उन्हामुळे की ‘एव्हरेज’मुळे? जुनी स्कूटर चढावर धापा का टाकते आणि इंजिनाचा ताप कसा मोजायचा

केळझर (जि. वर्धा) : गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे बारा वाजून गेले होते आणि आईचा फोन आला, “गाडी बंद पडली. केळझरला टेकडीपाशी उभे आहोत.” आई सेलूला राहते. नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या केळझरला टेकडीवर सिद्धिविनायक आहे, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. आईची संकष्टी तिथे ठरलेली. त्या दिवशी मागे मावशी बसली होती आणि पायाशी नारळ-फुलांची पिशवी.

चढ लागला तशी स्कूटर ओढेना. रेस पूर्ण पिळली तरी वेग उतरत गेला, इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला आणि गाडी गपकन बंद. स्टार्टर मारला की इंजिन फिरायचं, पण धरत नव्हतं. अर्ध्या तासाने मात्र काही झालंच नाही अशा थाटात पहिल्या किकला सुरू झाली. तो अर्धा तास दोन साठीच्या बायका रस्त्याकडेच्या तुटपुंज्या सावलीत उभ्या होत्या. वर्ध्याचा मे महिना ज्यांना माहीत आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको.

“काकू, गाडीले काही नाही झालं, ऊनच तसं हाये,” असं मिस्त्रीने सांगितलं. मेकॅनिकल इंजिनीअरिंगची डिग्री असलेल्या मीही फोनवर तेच सांगितलं होतं. पुढच्या सुट्टीत गाडी उघडली तेव्हा कळलं, आम्ही दोघंही चुकलो होतो.

हवा तापली म्हणजे इंजिन किती तापतं?

आईची स्कूटर 110 सीसीची, कार्बोरेटरवाली, 2014 सालची. अशा लाखो गाड्या आजही गावोगावी धावताहेत. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि नव्या स्कूटरमध्ये कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्याआधीच्या गाडीत मात्र पेट्रोल किती आणि हवा किती, हे पितळेच्या एका छोट्या जेटचं भोक ठरवतं.

मोटरसायकलचं इंजिन उघड्यावर असतं, समोरून वारा लागतो. स्कूटरचं इंजिन सीटखाली, पत्र्या-प्लास्टिकच्या आत दडलेलं. म्हणून त्याला स्वतःचा पंखा दिलेला असतो. हा पंखा थेट इंजिनाच्या शाफ्टवर फिरतो आणि प्लास्टिकच्या आवरणातून हवा सिलिंडरच्या पंखांवर, म्हणजे फिन्सवर सोडतो. जुन्या चेतकमध्येही हीच रचना होती. गाडीचा वेग किती, याच्याशी या वाऱ्याचा थेट संबंध नाही, इंजिन किती फेरे घेतंय याच्याशी आहे. सिग्नलला गाडी चालू ठेवून उभे राहिलात तर पंखाही मंद असतो.

आता उन्हाचा हिशेब. हवेच्या थंडाव्यावर चालणाऱ्या इंजिनाचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंतराने वर राहतं. जानेवारीच्या 25 अंशांच्या दुपारी हेड 130 अंशांवर असेल, तर मेच्या 45 अंशांत ते साधारण 150 वर जाईल. हवा 20 अंशांनी वाढली की हेडही जवळपास तेवढंच वाढतं. हे वाढणं काही कमी नाही, पण निरोगी इंजिन ते सहज सोसतं. नाहीतर विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत एकही स्कूटर रस्त्यावर दिसली नसती.

उलट एक गंमत आहे. गरम हवा विरळ असते. डिसेंबरच्या 12 अंशांच्या सकाळी तीच हवा मेच्या 44 अंशांच्या दुपारपेक्षा साधारण 11 टक्के जड असते. कार्बोरेटर यातला निम्माच फरक आपोआप भरून काढतो. म्हणजे उन्हाळ्यात पेट्रोलचं प्रमाण किंचित वाढतं आणि थंडीत कमी होतं. मे महिन्यात ‘गाडी पेट्रोल जास्त खाते’ म्हणून स्क्रू आवळून घेतला, तर डिसेंबरच्या सकाळी तीच गाडी उपाशी धावते.

जेटवरचा आकडा

कार्बोरेटर उतरवून मेन जेट काढलं. त्यावर बारीक अक्षरांत आकडा कोरलेला असतो, तो भोकाचं माप सांगतो. आमच्या गाडीतल्या जेटवरचा आकडा मॅन्युअलमधल्यापेक्षा दोन मापांनी लहान निघाला. आईला विचारलं तर तिला लगेच आठवलं. दोन वर्षांपूर्वी तिने मिस्त्रीला सांगितलं होतं, “दादा, एव्हरेज वाढवून द्या.” त्याने वाढवून दिलं होतं. लिटरमागे चार-पाच किलोमीटर जास्त मिळू लागले होते आणि सगळे खूश होते. त्याची चूक म्हणावी तरी कशी? गिऱ्हाईक पंपावर जाऊन हिशेब करतं. हेडचं तापमान कुणीच बघत नाही, कारण बघायला काही साधनच नसतं.

केळझरची एक आख्यायिका आहे. एकचक्रानगरी ती हीच आणि भीमाने बकासुराला मारलं ते इथेच. आपल्याकडे प्रत्येक जुनी स्कूटर बकासुर ठरते आणि प्रत्येकाला तिचा गाडाभर भात कमी करायचा असतो. पण पेट्रोलचं काम फक्त जळणं नाही. पूर्ण रेसवर, चढावर, दोन माणसं घेऊन जाताना इंजिनाला गरजेपेक्षा थोडं जास्त पेट्रोल मुद्दाम दिलेलं असतं. ते जास्तीचं पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेतं आणि ज्वलनाचा ताप खाली ठेवतं. हे जास्तीचं पेट्रोल काढून घेतलं की एव्हरेज वाढतं आणि त्याबरोबर तापही. आणखी कमी केलं तर तापमान पुन्हा उतरतं हे खरं, पण तोवर गाडी झटके देऊ लागते.

खडे हलवल्यासारखा तो आवाज म्हणजे नॉकिंग. स्पार्कने पेटवल्यावर कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आपोआप भडकतं. हा आवाज चढावर ऐकू आला तर रेस ताबडतोब कमी करा. ॲल्युमिनियमच्या पिस्टनला हा मार फार काळ सोसत नाही.

ई-20 ने यात काय भर घातली?

समाजमाध्यमांवर सगळा दोष 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर टाकला जातो. माझ्या मते हे अर्धसत्य आहे, पण अर्धं खरं आहे म्हणूनच नीट समजून घेतलं पाहिजे.

1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला 9 किलो पुरते. 20 टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आता सुमारे 8 टक्के जास्त इंधन हवं. नव्या इंजेक्शनवाल्या स्कूटरमधला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि आपोआप इंधन वाढवतो. जेटला रसायनशास्त्र कळत नाही. ते फक्त एक भोक आहे, त्यातून पूर्वीइतकंच इंधन जातं. परिणामी कार्बोरेटरची गाडी आपोआप ‘लीन’, म्हणजे इंधनाने उणी होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इथेनॉलची वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषली जाते आणि त्याचा ऑक्टेन आकडाही वरचा असतो, त्यामुळे नॉकिंगला तो विरोधच करतो. कंपनीचं मूळ जेट असलेली, नीट सांभाळलेली स्कूटर ई-20 वर जळून जात नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या इथेनॉल आराखड्यात ई-20 मुळे जुन्या दुचाकींचं एव्हरेज 3 ते 4 टक्के घटेल असा अंदाज दिला आहे. लिटरला 50 देणारी गाडी 48 देईल, इतकाच फरक.

पण लोकांना तो फरकही नको असतो. ते पुन्हा मिस्त्रीकडे जातात आणि एव्हरेज वाढवायला सांगतात. आधीच उण्या झालेल्या मिश्रणातून आणखी पेट्रोल कापलं जातं. आमच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं : लहान जेट आधीचं, ई-20 नंतरचं, आणि वर मे महिन्यातला चढ. यातलं कुठलंही एकच असतं तर गाडी बहुधा वर पोहोचली असती.

तव्यावरचा थेंब ते थर्मोकपल

इंजिनाचा ताप ओळखायची सगळ्यात जुनी पद्धत स्वयंपाकघरातली आहे. पोळीचा तवा तापला का हे बघायला आपण पाण्याचा थेंब टाकतो. थेंब चरचरून आटला तर तवा शंभराच्या वर आहे. तोच थेंब गोळी होऊन नाचू लागला तर तो दोनशेच्या आसपास गेलेला असतो. जुने मिस्त्री फिन्सवर बोट ओलं करून थेंब टाकतात, ते हेच. थेंब नाचला तर गाडी पुढे नेऊ नका. पण थेंब वेगळा आणि बाटली वेगळी. तापलेल्या इंजिनावर पाण्याची बाटली ओतायची सवय आपल्याकडे आहे, ती सोडा. धातू एका जागी झटकन आकसतो आणि हेड वाकू शकतं, तडाही जाऊ शकतो.

दुसरं साधन म्हणजे कपाळावर धरायच्या थर्मामीटरसारखी इन्फ्रारेड गन. सोपी आहे, पण चकाकत्या ॲल्युमिनियमवर फसवते. चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी प्रमाणात बाहेर टाकतो, त्यामुळे गन खरा आकडा दाखवत नाही, खूप कमी दाखवते. हेडवर जिथे मोजायचं आहे तिथे उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि दर वेळी त्याच ठिपक्यावर धरा. कपाळासाठीची गन मात्र इथे चालणार नाही, तिची मर्यादा चाळिशीतच संपते.

तिसरं आणि मला पटलेलं साधन : स्पार्क प्लगखाली बसणारी थर्मोकपलची रिंग. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या की त्या जोडाच्या तापमानानुसार अगदी सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. ‘के’ प्रकारच्या थर्मोकपलमध्ये तो दर अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट असतो. छोटा डिजिटल मीटर तो वाचून अंशांत दाखवतो. ऑनलाइन अशी रिंग आणि मीटर मिळतो. तापमान मोजणारा मल्टिमीटर घरी असेल तर नुसती रिंग घेतली तरी चालते. प्लगच्या मापाची रिंग घ्या, नाहीतर बसणार नाही. आणि तिची वायर प्लगच्या जाड वायरपासून दूर बांधा, कारण तिथल्या हजारो व्होल्टच्या झटक्यांमुळे मीटरवरचा आकडा उड्या मारतो.

आता आकडे कसे वाचायचे? हवेवर थंड होणाऱ्या छोट्या फोर-स्ट्रोक स्कूटरमध्ये प्लगखालचं तापमान नेहमीच्या चालीत साधारण 110 ते 150 अंशांत राहतं. 180 ला रेस कमी करायची. 200 दिसले तर सावली बघून थांबायचं. पण गाडीगणिक आणि रिंगच्या जागेगणिक हे बदलतं, म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त बघत राहा. सपाट रस्त्यावर एकट्याने जाताना किती, डबल सीट किती, गर्दीत किती, हे वहीत लिहून ठेवा. नंतर त्याच रस्त्यावर, तशाच हवेत 20-25 अंश जास्त दिसले की काहीतरी बिघडलंय. मला नेमका आकडा जेवढा उपयोगी पडला, त्याहून हा फरक जास्त उपयोगी पडला.

एक गोष्ट पहिल्यांदा बघून घाबरायला होतं. गाडी बंद केली की आकडा खाली यायच्या ऐवजी काही अंश वर चढतो. बिघाड नाही. इंजिन थांबलं की पंखाही थांबतो आणि आतली उष्णता हळूहळू बाहेरच्या धातूत येते. म्हणूनच लांबच्या चढानंतर मिनिटभर मंद चालू ठेवून मग किल्ली फिरवलेली बरी.

मिस्त्रीकडे जाल तेव्हा

सगळ्यात आधी पंख्याचं प्लास्टिक आवरण बघायला सांगा. आमच्या गाडीत त्याचा एक स्क्रू गायब होता आणि फटीतून हवा फिन्सवर जाण्याऐवजी बाहेरच निघून जात होती. सर्व्हिसिंगला घाई असली की हे आवरण पुन्हा बसवताना हयगय होते. फिन्समध्ये माती, वाळलेला चिखल, पऱ्हाट्यांच्या रस्त्यावरचा कापसाचा तंतू अडकलेला असतो, तो ब्रशने काढून घ्या. या कामाला पैसे जवळपास लागत नाहीत आणि फरक लगेच दिसतो.

मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड. त्याला चीर गेली की तिथून जास्तीची हवा आत शिरते आणि जेट बरोबर असूनही मिश्रण उणं होतं. इंजिन मंद चालू असताना गाडीची रेस आपोआप वर-खाली होत असेल तर आधी संशय याच्यावर घ्या.

ट्यूनिंगच्या स्क्रूबद्दल बराच गैरसमज आहे. तो मुख्यतः गाडी मंद चालताना आणि थोड्या रेसवर काम करतो. चढावर पूर्ण रेस असताना हिशेब मेन जेटचा असतो. त्यामुळे ‘स्क्रू अर्धा फिरवला, आता गाडी तापणार नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्क्रू लावायची रीतही आहे. दहा मिनिटं गाडी चालवून इंजिन गरम करायचं, स्क्रू हलक्या हाताने आत बसेपर्यंत फेरे मोजायचे, मग मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे, बहुधा दीड ते अडीच, बाहेर काढायचे आणि तिथून इकडे-तिकडे पाव फेरा करत इंजिन सगळ्यात गुळगुळीत चालतं ती जागा पकडायची. स्क्रू आत घट्ट आवळला तर त्याचं टोक आणि भोक दोन्ही बिघडतात. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, तिथे उलटं. गाडी थंड असताना केलेलं ट्यूनिंग फुकट जातं, आणि आपल्याकडे निम्मं ट्यूनिंग गाडी थंड असतानाच होतं. बीएस-4 च्या अनेक गाड्यांत हा स्क्रू झाकलेला असतो. तो उघडला तर नंतर पीयूसी करून सीओचा आकडा बघून घ्या.

प्लग काढून बघायची पद्धत अजून चांगली आहे. फिकट तपकिरी बरा, काजळी धरलेला काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक आणि पृष्ठभागावर फोड आलेला म्हणजे ताप. पण इथेनॉलच्या पेट्रोलवर चांगला प्लगही पूर्वीपेक्षा पांढरट दिसतो, तेव्हा नुसत्या रंगावर निकाल देऊ नका. प्लग बदलताना एक फसगत टाळा. एनजीकेच्या प्लगवरचा आकडा मोठा म्हणजे प्लग ‘थंड’, बॉशच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे ‘गरम’. दुकानदाराने ‘तोच नंबर आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा दिला तर मॅन्युअलमधला पर्याय तपासा.

अर्ध्या तासाने गाडी आपोआप का सुरू झाली, या कोड्याचं उत्तर टॅपेटमध्ये सापडलं. व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागात केसाएवढी फट ठेवलेली असते. आईच्या गाडीत एक्झॉस्टच्या बाजूची फट जवळपास संपली होती. इंजिन फार तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि स्टार्टर कितीही मारा, गाडी धरत नाही. थंड झाली की फट परत येते. थंड इंजिनावर फिलर गेजने हे काम वीस मिनिटांत होतं, पण कुणी सांगितल्याशिवाय केलं जात नाही. ऑइलचंही तसंच. या इंजिनात ते जेमतेम 700-800 मिलीलिटर असतं आणि वंगणाबरोबर थंड करायचं कामही तेच करतं. शंभर-दीडशे मिलीलिटर कमी झालं तर मोठ्या गाडीत कळतही नाही, इथे तो मोठा वाटा आहे.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं

1972 साली महाराष्ट्रातूनच दोन गाड्या रस्त्यावर आल्या, बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना. दोन्ही टू-स्ट्रोक. त्यांत इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं. म्हणजे पेट्रोल कापलं की ऑइलही कापलं जायचं आणि पिस्टन थेट सिलिंडरला धरायचा, मागचं चाक जागेवर जाम. म्हणून त्या पिढीला लांबच्या रस्त्यावर डावा हात क्लचवर ठेवायची सवय होती. आवाज बदलला की क्लच दाबायचा, झाडाखाली थांबायचं, सिगारेट नाहीतर चहा, मग पुढे. फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, ऑइल वेगळं झालं, जाम होणं दुर्मीळ झालं आणि इंजिनाकडे कान देण्याची सवयही गेली. आजच्या गिअरलेस स्कूटरमध्ये दाबायला क्लचही नाही.

आईच्या गाडीत मूळ मापाचं जेट, नवा रबरी जोड आणि पंख्याच्या आवरणाचा हरवलेला स्क्रू, एवढंच नवं बसवलं. टॅपेट लावून घेतलं. मीटर हँडलपाशी बांधला. सुरुवातीला लहान जेटवरच मी एकदा टेकडीचा चढ चढून बघितला होता, तेव्हा अर्ध्यातच आकडा 180 ओलांडून गेला होता आणि मी गाडी वळवली होती. आता दोघं बसून गेलं तरी तो दीडशेच्या घरात थांबतो.

एव्हरेज मात्र लिटरला चारेक किलोमीटरने उतरलं आहे. आई अजूनही पंपावर हिशेब करते आणि मला फोनवर तो आकडा न चुकता ऐकवते. मावशीला संकष्टीला न्यायचं असलं की निघायच्या आधी मीटर चालू आहे ना, तेही बघते.